कानाला किंमत कळते का?

साठ हजारांचा हेडफोन पहिल्यांदा डोक्यावर चढवला की तोंडातून 'भारी!' निघतंच. पण ही दाद नेमकी कुणाला असते? गाण्याला, बेसला की खोक्यावरच्या किमतीला?

ठाण्याहून जुन्या रस्त्याने भिवंडीकडे निघालं की कशेळी, काल्हेर, पूर्णा मागे टाकून राहनाळ येतं. रस्त्यात मेट्रो-५ चे खांब, कंटेनरची न संपणारी रांग आणि आजूबाजूला गोदामंच गोदामं. मुंबईत जकात होती तेव्हा माल शहराच्या हद्दीबाहेर ठेवणं परवडायचं, म्हणून हा पट्टा वाढला. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला, जकात गेली, पण गोदामं हलली नाहीत. ऑनलाइन खरेदीने ती उलट आणखी पसरली. मुंबई-ठाण्यातल्या कुणी रात्री अकरा वाजता ऑर्डर केलेला हेडफोन बऱ्याचदा याच पट्ट्यातल्या कुठल्यातरी रॅकवरून खाली उतरतो.

इथल्या गावांतली कितीतरी पोरं-पोरी कॉलेज सांभाळून पिकिंग-पॅकिंगचं काम करतात. त्यांच्या हातांतून ७९९ रुपयांचा इअरफोन जातो आणि महिन्याच्या पगारापेक्षा महाग असलेला हेडफोनही. स्कॅन, बबल रॅप, टेप, पुढचा! बारकोडच्या मशीनला दोन्ही खोकी सारखीच. आपल्या कानाला ती किती वेगळी वाटतात, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर दुकानदार सांगतो तितकं सरळ नाही.

पहिली दहा सेकंदं

मॉलमधल्या डेमो काउंटरशी थोडा वेळ उभं राहून बघा. महागडा हेडफोन पहिल्यांदा लावणारा माणूस आधी गप्प होतो. मग भुवया वर जातात आणि तो शेजारच्या मित्राशी एकदम ओरडून बोलायला लागतो, कारण स्वतःचाच आवाज त्याला नीट ऐकू येत नसतो. त्यानंतरचं वाक्य ठरलेलं असतं, "अरे, हे मागे वाजतंय ते मला माहीतच नव्हतं!"

हे वाक्य खोटं नसतं. 'सैराट'मधलं 'याड लागलं' घ्या. २०१६ पासून ते आपण रिक्षात, वरातीत, फोनच्या स्पीकरवर हजारदा ऐकलंय. अजय-अतुल यांनी या चित्रपटासाठी पाश्चात्त्य वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिसजवळच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर केलं होतं. फोनच्या चिमुकल्या स्पीकरवर त्या वाद्यवृंदाचा नुसता गोळा ऐकू येतो. चांगल्या हेडफोनवर मात्र व्हायोलिनचा ताफा वेगळा, खालचे जाड सूर वेगळे, गाणारा त्यांच्या पुढ्यात उभा, असं चित्र दिसायला लागतं.

पण दुसऱ्या प्रकारची प्रतिक्रियाही तितकीच नेहमीची असते. "ठीक आहे रे, पण माझ्या हजारवाल्यात बेस जास्त आहे." अशा मित्राला सगळे हसतात. खरं तर तो जे ऐकतोय तेच प्रामाणिकपणे सांगत असतो. स्वस्त हेडफोनमध्ये बेस मुद्दाम चढवलेला असतो, कारण गर्दीच्या दुकानात पहिल्या दहा सेकंदांत तोच लक्ष वेधून घेतो. रोज झणझणीत मिसळ खाणाऱ्याला घरचं वरण अळणी लागावं, तसं त्या कानाला समतोल आवाज फिका वाटतो. दोन-चार दिवस तोच हेडफोन वापरला की मत बदलू शकतं. दुकानात मात्र आपल्याला दोन-चार मिनिटंच मिळतात.

तिसरी गोष्ट गाण्याची. जुनी मराठी-हिंदी गाणी बहुतेक मोनोमध्ये ध्वनिमुद्रित झालेली आहेत, म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज. तिथे 'डावीकडून तबला, उजवीकडून बासरी' असा चमत्कार साठ हजारांतही होणार नाही. मूळ ध्वनिमुद्रणात जे नाही, ते हेडफोन कुठून आणणार?

डोळे बांधले तर?

आपण फक्त कानाने ऐकतो, हा आपला गोड समज आहे. हातातलं वजन, धातूची चकाकी, गाद्यांचा मऊपणा आणि अर्थातच किमतीचा आकडा, हे सगळं मिळून आपण 'ऐकत' असतो. २००८ साली कॅलिफोर्नियात झालेला वाइनचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. लोकांना एकच वाइन दोनदा दिली, एकदा १० डॉलरची म्हणून आणि एकदा ९० डॉलरची म्हणून. नव्वदवाली जास्त आवडली! गंमत म्हणजे ते खोटं बोलत नव्हते. मेंदूच्या स्कॅनमध्येही सुखाची नोंद जास्त दिसली. किंमत कळली की अनुभवच बदलतो.

म्हणून हार्मन या ऑडिओ कंपनीतले संशोधक शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती केली. ऐकणाऱ्याच्या डोक्यावर एकच हेडफोन ठेवायचा आणि सॉफ्टवेअरने त्याला वेगवेगळ्या हेडफोनसारखं वाजवायचं. ब्रँड दिसत नाही, वजन बदलत नाही, राहतो तो फक्त आवाज. अशा चाचण्यांतून त्यांच्या लक्षात आलं, की बहुतेकांना साधारण एकाच प्रकारचा समतोल आवाज आवडतो. काहींना त्यात थोडा जास्त बेस हवा असतो, काहींना थोडा कमी, इतकंच.

ऑलिव्ह यांचा २००३ सालचा एक अभ्यास तर आपल्यासारख्यांची बाजू घेणारा आहे. २६८ जणांना त्यांनी स्पीकर ऐकवले. काही कान तयार केलेले जाणकार, बाकीचे साधे श्रोते. जाणकारांनी गुण हात आखडून दिले आणि त्यांची मतं कमी डळमळली. पण कुठला स्पीकर चांगला आणि कुठला वाईट, हा क्रम दोघांचा जवळपास सारखाच निघाला. म्हणजे 'आपल्याला काय कळतंय त्यातलं?' असं म्हणून माघार घ्यायचं कारण नाही. साध्या कानालाही चांगला आवाज कळतो. त्याला फक्त किंमत कळत नाही!

आणि का कळावी? येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २०१७ साली तब्बल २८३ हेडफोनची मोजमापं किमतीशी ताडून पाहिली. खालच्या-वरच्या सुरांचा समतोल आणि किंमत यांचा काही संबंधच सापडला नाही. महाग म्हणजे समतोल, स्वस्त म्हणजे भंगार, असं गणित मांडता आलं नाही.

मग पैसे जातात कुठे?

अॅपलचा एअरपॉड्स मॅक्स २०२० च्या डिसेंबरमध्ये भारतात आला तो ५९,९०० रुपयांना. सेनहायझरच्या एचई-१ या हेडफोनची किंमत तर ५० हजार युरोंच्या घरात ठरली होती. म्हणजे राहनाळच्या आसपास छोटा फ्लॅट बघायला निघालेल्यानेही विचारात पडावं!

हे पैसे सगळेच पाण्यात जात नाहीत. चांगल्या गाद्या, तासन्‌तास घातला तरी न टोचणारी पट्टी, बदलता येणारे सुटे भाग, कॉलवर नीट जाणारा आवाज आणि नाव, या सगळ्याचे ते पैसे असतात. पण सर्वसामान्य श्रोत्याला सर्वांत जास्त जाणवणारी गोष्ट आहे शांतता. डेमो काउंटरवर पहिल्यांदा गप्प होणारा माणूस गाण्यामुळे नव्हे, तर भोवतीचा गोंगाट एकदम विझल्यामुळे गप्प होतो.

या शांततेची गोष्ट विमानात सुरू झाली. १९७८ साली अमर बोस झुरिचहून बोस्टनला परतत होते. बंगालमधून अमेरिकेत गेलेल्या एका स्वातंत्र्यसैनिकाचा हा मुलगा, एमआयटीत प्राध्यापक आणि बोस कंपनीचा संस्थापक. विमानात मिळालेले हेडफोन त्यांनी लावले, तर इंजिनाच्या घरघरीत संगीताचा पार चोथा झालेला. मग त्याच प्रवासात त्यांनी कागदावर गणित मांडायला घेतलं. बाहेरचा आवाज मायक्रोफोनने टिपायचा, त्याची बरोबर उलटी लाट हेडफोनमध्ये वाजवायची आणि दोघांनी एकमेकांना खाऊन टाकायचं, ही ती कल्पना. वैमानिकांसाठीचे असे हेडसेट बाजारात यायला १९८९ उजाडलं. आज तेच तंत्र, कमी-अधिक दर्जाचं का होईना, दोन-अडीच हजारांच्या इअरबडमध्येही येतं.

खटखट, हॉर्न आणि आवाजाचं बटण

ही शांतता चैन वाटत असेल, तर भिवंडीत एक फेरी मारा. लाखो यंत्रमागांचं हे शहर. गल्लीतून चालताना कारखान्याची खटखट छातीत वाजते. आत तर शेजारच्याशी बोलायला तोंड त्याच्या कानाशी न्यावं लागतं. मागाच्या शेडमधला आवाज सहज ९० डेसिबलच्या वर जातो. त्यात कंटेनरचे हॉर्न, रस्त्याची कामं आणि सणासुदीला डीजे.

आता अशा ठिकाणी बसस्टॉपवर उभं राहून साधा इअरफोन लावला तर आपण काय करतो? आवाज वाढवतो. बाहेरचा गोंगाट झाकायला त्याच्याहून मोठा गोंगाट थेट कानात ओततो. घरी रात्री पुरेसा वाटणारा आवाज रस्त्यावर कमी पडतो, मग बटण वर, अजून वर. फोन इशारा दाखवतो. आपण 'ओके' दाबतो.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब सोपा आहे. ८० डेसिबलने आठवड्याला ४० तास ऐकलं तर चालतं. पण ९० डेसिबलला ही मुदत ४ तासांवर येते. आकडा दहानेच वाढला, वेळ मात्र दहापट घटला, कारण दर तीन डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. कानाच्या आत शंखासारख्या भागात हजारो केसपेशी असतात. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. चष्म्यासारखा उपाय इथे नाही. श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, पण गेलेली स्पष्टता पूर्ण परत देत नाही. जगभरात १२ ते ३५ वयाच्या एक अब्जाहून जास्त तरुणांना असं ऐकण्यामुळे बहिरेपणाचा धोका आहे, असं हीच संघटना सांगते.

आणि गंमत बघा. केसपेशी खराब व्हायला लागल्या की आधी वरचे, बारीक सूर जातात. झांजेची किणकिण, व्हायोलिनची धार, 'स' आणि 'श'मधला फरक. म्हणजे ज्या बारकाव्यांसाठी साठ हजार मोजायचे, तेच ऐकू येईनासे होतात. विशीत कान जाळले, तर तिशीत पगार वाढल्यावर घेतलेला भारी हेडफोन कुणाला ऐकवणार?

पण एक खबरदारी. आवाज मारणारं हे तंत्र इंजिन, पंखा, एसी अशा एकसारख्या घरघरीवर छान चालतं. मागाची खटखट, हॉर्न, हातोडा अशा तुटक आणि तीक्ष्ण आवाजांपुढे ते तोकडं पडतं. त्यामुळे यंत्रमागावर काम करणाऱ्यासाठी गाण्याचा हेडफोन म्हणजे संरक्षण नव्हे. तिथे कानात घालायचे प्लग किंवा कान झाकणारे मफच हवेत. आणि गोदामात फोर्कलिफ्ट फिरत असताना किंवा रस्ता ओलांडताना कान पूर्ण बंद करून चालणं म्हणजे जिवाशी खेळ.

घ्यायच्या आधी, कट्ट्यावरच करून बघा

• चार मित्रांचे चार हेडफोन गोळा करा. ऐकणाऱ्याने डोळे मिटायचे, दुसऱ्याने हेडफोन लावायचा. किंमत शेवटी सांगायची.

• सगळ्यांचा आवाज शक्य तितका सारखा ठेवा. किंचित मोठा वाजणारा हेडफोन नेहमी 'जास्त चांगला' वाटतो. दुकानातली फसगत बहुतेक इथेच होते.

• पाठ असलेली तीन गाणी निवडा. एकात भरपूर वाद्यं, एकात नुसता गळा, एकात दणकून ताल.

• इअरफोन असेल तर सोबतचे तिन्ही मापांचे रबर लावून बघा. माप चुकलं की बेस गळून जातो आणि दोष कंपनीला जातो.

• मानेला, कानाच्या पाळीला किती वेळाने टोचतं तेही मोजा. वीस मिनिटांत काढावासा वाटणारा हेडफोन कितीही गोड वाजो, तो कपाटातच राहणार.

• फोनचा आवाज साधारण ६० टक्क्यांच्या आत ठेवून गाणं नीट ऐकू येतंय का? येत असेल तर तो हेडफोन तुमच्या कामाचा. गाणं संपल्यावर कानात शिट्टी वाजत असेल किंवा गर्दीत सारखं 'काय? परत बोल' म्हणावं लागत असेल, तर हेडफोन बदलण्याआधी कानाच्या डॉक्टरांना भेटा.

ही चाचणी खरंच केलीत, तर एखादा दीड हजारवाला पंधरा हजारवाल्याला मागे टाकेल आणि कट्ट्यावर जोरदार भांडण होईल. होऊ दे. महागडा हेडफोन ऐकून 'भारी!' म्हणण्यात गैर काही नाही आणि 'मला फरक नाही कळला' म्हणण्यात लाजण्यासारखंही काही नाही. रॅकवरचं खोकं आज ना उद्या परवडेल, सेल लागेल, हप्ते मिळतील, नवं मॉडेल आलं की जुनं स्वस्त होईल. कानाची जोडी मात्र कुठल्याच गोदामात शिल्लक नाही.