परदेशची मोटार गावी आणताना

नाणेघाट चढून गेलेल्या विद्यार्थ्यांनी माथ्यावरील दगडी रांजण पाहिलाच असेल. सातवाहनांच्या काळी कल्याण बंदराकडून जुन्नरास येणाऱ्या मालावर येथे जकात घेत व ती ह्या रांजणात टाकीत, अशी समजूत आहे. शिवनेरीच्या व मानमोडीच्या लेण्यांत यवन दात्यांची नावेही कोरलेली आढळतात. तेव्हा परदेशचा माल व त्यावरील कर ह्या गोष्टी आपल्या भागास नव्या नाहीत. आज आपल्याकडील तरुण परदेशी नोकरीस जातात आणि परतताना 'तेथील मोटार बरोबर आणावी काय?' असा प्रश्न घरात निघतो. 'सर्व काही आम्ही करू' असे सांगणारे मध्यस्थही भेटतात. परंतु हा प्रश्न घराच्या पुंजीचा असल्यामुळे, असे मध्यस्थ काय करू शकतात व काय करू शकत नाहीत, हे आधी समजून घेणे बरे.

मध्यस्थाचे काम मुख्यतः तीन प्रकारचे असते. परदेशात गाडी तपासून ती जहाजावर चढविणे, हे पहिले. वाहतुकीचा विमा उतरवून खरेदीची पावती, जहाज कंपनीची भरतीपावती व इतर कागद जुळविणे, हे दुसरे. गाडी बंदरात उतरल्यावर जकात कचेरीत 'बिल ऑफ एंट्री' म्हणजे आयातीचे निवेदन दाखल करून ती सोडवून घेणे, हे तिसरे. हे तिसरे काम दुसऱ्याच्या वतीने करण्यास सरकारी परवाना लागतो. असा परवानाधारक 'कस्टम्स ब्रोकर' म्हणून ओळखला जातो. तो आपला प्रतिनिधी असतो, परंतु कायद्याच्या दृष्टीने आयात करणारे आपणच. कागदात चूक निघाली, तर जाब आपणांसच द्यावा लागतो.

आता नियम पाहू. समजा, मंचरचा एक तरुण आपली वापरलेली गाडी आणू इच्छितो. प्रवाशाच्या सामानावर मिळणारी सवलत मोटारीस लागू होत नाही, कारण कायदा मोटारीस सामान मानीत नाही. जुनी गाडी तयार होऊन तीन वर्षांहून अधिक काळ लोटलेला नसावा. तिचे सुकाणूचक्र उजवीकडे असावे, वेगमापक किलोमीटर दाखविणारा असावा, आणि दिव्यांचा झोत डाव्या बाजूने चालणाऱ्या रहदारीस योग्य असावा. म्हणून इंग्लंडमधील गाडीचा निदान विचार तरी करता येतो. अमेरिकेतील सर्वसाधारण गाडीचा तोही येत नाही. अशी गाडी मुंबई बंदरातूनच आणावी लागते, आणि सोडवून घेण्यापूर्वी तिची चाचणी करवून घ्यावी लागते. ह्या कामासाठी नेमलेल्या संस्थांत पुण्याची, १९६६ साली स्थापन झालेली, ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन आहे. शिवाय पुढील पाच वर्षे गाडी रस्त्यावर चालण्यास योग्य राहील व तिच्या दुरुस्तीची सोय देशात होईल, अशी हमीही द्यावी लागते.

सर्वांत मोठी गोष्ट जकातीची. ती केवळ गाडीच्या किमतीवर नसून, किंमत, जहाजभाडे व विमा ह्यांच्या बेरजेवर आकारली जाते. २०२५ च्या अर्थसंकल्पापूर्वी जुन्या गाडीवरील मूळ जकात शेकडा १२५ होती. त्यानंतर आकारणीची मांडणी बदलली, तरी एकूण भार मूळ किमतीहून अधिकच राहिला. हिशेबासाठी तो शेकडा १२५ धरू. गाडी १८ लाखांची आणि भाडे व विमा २ लाखांचा, म्हणजे बेरीज २० लाख. त्यावर जकात २५ लाख, मिळून ४५ लाख. वस्तू व सेवा कर ह्या ४५ लाखांवर बसतो. मोठ्या गाड्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून तो शेकडा ४० आहे, म्हणजे १८ लाख. एकूण ६३ लाख झाले. ह्यांत मध्यस्थाचे वेतन, बंदरातील खर्च व नोंदणीचा कर धरलेलाच नाही. दर बदलतात, म्हणून त्या दिवशीचा दर पाहूनच हिशेब करावा. रीत मात्र हीच राहील.

सरकार संपूर्ण गाडीवर एवढा कर का घेते? गाडी येथेच तयार व्हावी, हा त्यातला एक उद्देश आहे. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे सुटे भाग जोडून मोटारी बनविण्याचा कारखाना काढला. आज आपल्या शेजारच्या खेड तालुक्यात, चाकण येथे, जर्मनीच्या मर्सिडीज-बेन्झ गाड्या तयार होतात. सुट्या भागांवरील जकात कमी असते. त्यामुळे जी गाडी समुद्रापलीकडून आणण्याचा आपण बेत करतो, तशीच गाडी तासाभराच्या अंतरावर कमी खर्चात मिळत नाही ना, हे प्रथम पाहावे.

पालकांस एवढीच विनंती की, मध्यस्थास पैसे देण्यापूर्वी चार गोष्टी लेखी मागाव्यात: त्याचा किंवा त्याने नेमलेल्या ब्रोकरचा परवाना, सर्व करांचा मांडलेला हिशेब, गाडीच्या निर्मितीची तारीख, आणि गाडी चाचणीत नापास झाल्यास खर्च कोणी सोसावयाचा, ह्याचा करार. चांगला मध्यस्थ कष्ट वाचवितो, परंतु जकात वाचवू शकत नाही. 'वाचवितो' असे जो सांगेल, त्याच्यापासून दूर राहावे. विद्यार्थ्यांनी वरील बेरीज-गुणाकार घरी एकदा करून दाखविला, तर गणिताच्या तासाचे चीज होईल.