दारू नव्हे, लहान मेंदूचा आजार

वस्तीत एखादा पस्तिशी-चाळिशीतला माणूस झोकांड्या खात चालू लागला, बोलताना जीभ अडखळू लागली, की लोक लगेच म्हणतात, ‘घेऊन आलाय.’ प्रत्यक्षात तो दारूला शिवलेलाही नसतो. पुढे त्याच्या बहिणीलाही तसंच झालं, की बोलणं बदलतं: ‘करणी केलीय’, ‘सून पांढऱ्या पायाची आली.’ जालना जिल्ह्यात घरोघरी फिरताना हे आम्ही ऐकतो. खरं सांगायचं तर परिचारिका असताना आम्हीही अशा एका रुग्णाला आधी दारुडाच समजलो होतो.

म्हणून या वेळी डॉ. नोशीर वाडिया यांच्या संशोधनाची ओळख. त्यांचा जन्म १९२५ साली सुरतेत झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शिकले, पुढे इंग्लंडमध्ये मेंदूविकारांचं शिक्षण घेतलं आणि परत येऊन जे. जे. रुग्णालयात काम करू लागले. जे. जे. म्हणजे गोरगरिबांचा सरकारी दवाखाना.

तोल जाणारे काही रुग्ण तपासताना त्यांना एक गोष्ट दिसली. आपली नजर एका वस्तूवरून दुसरीवर क्षणात उडी मारते. या रुग्णांची नजर मात्र सावकाश सरकत होती. शिवाय एकाच घरात असे अनेक जण होते. १९७१ साली डॉ. स्वामी यांच्यासह त्यांनी अशा नऊ कुटुंबांचा अभ्यास ‘ब्रेन’ या नियतकालिकात मांडला. तेव्हा एमआरआय नव्हतं, जनुकाची तपासणीही नव्हती. या आजाराचं जनुक सापडलं १९९६ साली, म्हणजे २५ वर्षांनी. आज आजाराला एससीए-२ म्हणतात. १९९८ साली, वयाच्या सत्तरीनंतरही, वाडियांनी सहकाऱ्यांसह भारतातल्या सहा एससीए-२ कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०१२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं, २०१६ साली ते वारले.

या आजारात होतं काय? डोक्याच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो. तो शरीराचा तोल सांभाळतो. त्यातल्या पेशी हळूहळू मरतात. कारण एका जनुकात आहे. त्यातली तीन अक्षरं बहुतेक माणसांत २२ वेळा लागोपाठ येतात. ती ३५ किंवा त्याहून जास्त वेळा आली तर आजार होतो. आई किंवा वडील, कोणा एकाला आजार असला तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता ५० टक्के. मुलगा-मुलगी असा भेद नाही. मग बाहेरून आलेल्या सुनेचा दोष कसा? हा आजार स्पर्शाने पसरत नाही. तो कोणाच्या पापाचं फळ नाही, करणीही नाही.

आता घरच्यांनी काय करावं?

पहिलं, देवऋषीकडे पैसा घालवू नका. जालन्याचं जिल्हा रुग्णालय किंवा छत्रपती संभाजीनगरची घाटी गाठा. तोल जाण्याची बरी होणारी कारणंही असतात: बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचा विकार, फिटच्या गोळ्यांचा जास्त डोस. ती आधी तपासली पाहिजेत.

दुसरं, घरात आणखी कोणाला असा त्रास होता का, आजोबा-आत्यापर्यंत आठवून डॉक्टरांना सांगा. लाजेखातर लपवू नका. वाडियांना आजार ओळखता आला तो घरच्यांचीही हकिगत पाहिल्यामुळेच.

तिसरं, एससीए-२ पूर्ण बरा करणारं औषध अजून नाही. पण रोजचा व्यायाम, फिजिओथेरपी, भिंतीला धरायला दांडी, ठसका लागू नये म्हणून ताठ बसून सावकाश जेवण, यांनी पडणं आणि हाल कमी होतात.

चौथं, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मेंदू-मज्जासंस्थेचे जुनाट आजार धरलेले आहेत. प्रमाणपत्रासाठी अर्ज करा.

पाचवं, घरातल्या धडधाकट मुला-मुलींची जनुक तपासणी करायची की नाही, हे त्यांनी सज्ञान झाल्यावर, डॉक्टरांशी बोलून, स्वतः ठरवायचं. सासरच्यांनी किंवा भावकीने नव्हे. लहान मुलांवर ही तपासणी लादू नका.

वस्तीत कोणी झोकांडी खाताना दिसलं, तर हसण्याआधी एवढंच विचारू या: ‘दादा, हे कधीपासून होतंय? घरात आणखी कोणाला आहे का?’