दाणा भिजवा, वर्ग ओळखा, मगच तणनाशक फवारा



रात्री हरभरा भिजत घाला आणि सकाळी दाणा बोटाने दाबा. साल निघून दोन डाळी सुट्या होतील. ज्वारीचा दाणा कितीही दाबा, डाळी पडणार नाहीत. आपल्या बहुतेक पिकांचे हेच दोन वर्ग : हरभरा, तूर, कापूस, द्राक्ष द्विदल, ज्वारी, गहू, ऊस एकदल.

पानावरूनही ओळख पटते. एकदलाच्या पानात शिरा समांतर असतात आणि मुळे झुपकेदार. द्विदलाच्या पानात शिरांची जाळी आणि खाली सोटमूळ.

आता याचा उपयोग पाहू. २,४-डी हे तणनाशक मुख्यतः द्विदलांना मारते. म्हणून ते शिफारशीच्या मात्रेत उसाला चालते. पण उसात हरभऱ्याचे आंतरपीक असेल, तर ते मारूच नका. जळोचीच्या शिवारात शेजारी द्राक्षबाग असली, तर वाऱ्याने उडालेला फवारा तिची पाने वेडीवाकडी करील. वारा पडल्यावरच फवारा. त्याचा पंप वेगळाच ठेवा. तो तूर-कापसाला वापरू नका.

नावावरही जाऊ नका. गाजरगवत हे गवत नव्हे, द्विदल आहे. हरळी एकदल, ती या औषधाला दाद देत नाही.

तेव्हा पंप पाठीला लावण्याआधी पान हातात घेऊन पाहा.