बंदुकीचा गंज काढताना

कोकणात आणि घाटमाथ्यावर कितीतरी शेतकऱ्यांच्या घरी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक असते. कुणाकडे काडतुसाची एकनळी, कुणाकडे आजोबांच्या वेळची ठासणीची. भातावर आलेले रानडुक्कर आवाज करून पिटाळण्यापुरतीच ती बहुधा बाहेर निघते. बाकी वर्षभर खोळीत घालून कोपऱ्यात उभी. निवडणूक आली की अनेकांना ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. २०२४ साली तर लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका एकाच वर्षात झाल्या. असे काही महिने हात न लागता गेले, त्यात पावसाळा सापडला, की नळीवर लालसर ठिपके दिसू लागतात. ते पाहून घरातला एखादा उत्साही माणूस पॉलिश पेपर आणायला निघतो. त्याला क्षणभर थांबवण्यासाठी हे चार शब्द.

आधी सगळ्यात महत्त्वाचे. बंदूक रिकामी आहे याची स्वतः खात्री केल्याशिवाय फडक्यालासुद्धा हात लावू नये. काडतुसाची बंदूक उघडून आत पाहता येते. ठासणीच्या बंदुकीचे तसे नसते. बार वर्षानुवर्षे आत तसाच राहू शकतो आणि बाहेरून काही कळत नाही. तेव्हा केप काढलेली आहे हे पाहावे आणि तोंडासमोर न येता बाजूने नळीत गज सोडावा. तो जिथे टेकेल तिथे तोंडापाशी खूण करावी आणि तोच गज नळीच्या बाहेरून लावून पाहावा. गज मागच्या टोकाच्या बराच अलीकडे थांबत असेल, तर आत काहीतरी आहे. अशा वेळी स्वतः खटपट करू नये. परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याला कळवावे, तो सांगेल तसे करावे.

आता गंजाकडे वळू. नळीला जो निळसर काळा रंग असतो, ज्याला ब्लूइंग म्हणतात, तो वरून फासलेला रंग नव्हे. पोलादाच्या पृष्ठभागावर मुद्दाम तयार केलेला तो लोहाच्या ऑक्साइडचाच थर आहे. लाल गंज हेही लोहाचे ऑक्साइडच. एकाच घरातले हे दोन भाऊ. एक घर राखणारा, दुसरा घर विकणारा. काळा थर पोलादाला घट्ट चिकटून असतो आणि तेल धरून ठेवतो. लाल गंज भुसभुशीत असतो, तो ओल धरतो आणि खालचे पोलाद खात जातो. समुद्राकाठच्या हवेतल्या मिठाने हे काम आणखी लवकर होते. काळा थर किती जाड, तर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास. इतके पातळ पांघरूण घासून घालवायला कितीसा वेळ लागणार?

हे नाते ध्यानात घेतले की काय करू नये ते आपोआप उलगडते. आपल्याकडे तांब्या-पितळेची भांडी चिंचेने नाहीतर आमसुलाने घासतात आणि ती लख्ख निघतात. तोच प्रयोग बंदुकीवर केला तर आम्ल गंज काढते, तसा काळा थरही काढते, आणि खाली उघडे पांढरे पोलाद राहते. लिंबू, व्हिनेगर आणि दुकानात मिळणारे गंज काढायचे फॉस्फोरिक आम्लाचे द्राव यांची गत तीच. पॉलिश पेपर, राख, रांगोळी यांनी थर ओरबाडला जातो. शिवाय नळीवर आणि चापाजवळच्या भागावर कोरलेला नंबर पुसट होण्याचा धोका असतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार ओळखीची खूण पुसणे हा गुन्हा आहे, आणि खूण पुसलेले हत्यार ज्याच्याकडे सापडेल त्यानेच ती पुसली असे धरले जाते.

मग गंज काढायचा कसा? तेलाने, सावकाश. शिलाई मशीनचे तेल किंवा बंदुकीसाठी मिळणारे पातळ खनिज तेल ठिपक्यांवर भरपूर लावावे आणि रात्रभर मुरू द्यावे. सकाळी जाडसर सुती कापडाने चोळून पाहावे. कोवळा गंज बहुतेक एवढ्यानेच सुटतो. न सुटल्यास ‘चार शून्य’ नंबरचे, म्हणजे सर्वांत बारीक स्टील वूल घ्यावे. भांडी घासायची तारेची घासणी म्हणजे हे नव्हे. आधी एखाद्या झाकल्या जागी हलके घासून, रंग उतरत नाही ना, ते पाहावे. मग तेलात भिजवलेल्या बोळ्याने, जोर न लावता, नळीच्या लांबीच्या दिशेने चोळावे. दर दहा-बारा हातांनंतर तेल पुसून पाहावे. पुसलेल्या फडक्यावर तांबूस कीट येत असेल तर गंज निघतो आहे. काळसर झाक दिसू लागली आणि नळी उजळू लागली, की तिथेच थांबावे.

एखादा हट्टी ठिपका राहिला तर शुद्ध तांब्याच्या तुकड्याची गुळगुळीत कड तेल लावून त्यावरून फिरवावी. भुसभुशीत गंज तांब्यापुढे टिकत नाही, आणि तांबे पोलादाहून मऊ असल्याने नळीला ओरखडा काढत नाही. मात्र तुकड्याला आधी लोहचुंबक लावून पाहावे. चुंबक चिकटला तर आत लोखंड आहे, तो तुकडा नको.

गंज गेल्यावर तिथे काळपट डाग किंवा बारीक खड्डा राहू शकतो. त्याच्या मागे लागू नये. गंज थांबला, काम झाले. खड्डे नळीच्या आत दिसले तर मात्र ती बंदूक परवानाधारक कारागिराने तपासल्याशिवाय उडवू नये. गावातल्या लोहाराकडे देऊ नये. विनापरवाना हत्यार दुरुस्त करणे कायद्याने बंद आहे. सोन्या-चांदीची नक्षी असलेली जुनी हत्यारे किंवा दमास्कस पोलादाच्या लहरदार नळ्या यांना तर घरी हातच लावू नये. वरचा जुना तपकिरी रंग हीच त्यांची ओळख असते.

ठासणीच्या बंदुकीबाबत एक गोष्ट वेगळी आहे. काळ्या दारूचे कीट क्षारयुक्त असते, हवेतली ओल ओढून घेते, आणि ते तेलात विरघळत नाही. त्यामुळे बार काढल्यावर त्याच दिवशी नळी साबणाच्या गरम पाण्याने धुवावी, चिंध्यांनी पूर्ण कोरडी करावी आणि मगच तेल द्यावे.

शेवटी ठेवणीविषयी. कातडी किंवा जाड कापडी खोळ ओल धरून ठेवते, म्हणून बंदूक बरेच दिवस तीत ठेवू नये. नळीच्या तोंडात बोळा कोंबू नये; आत ओल साचते, आणि विसरून बार काढला तर नळी फुटते. खोबरेल लावू नये; ते खवट होऊन चिकट बसते. रॉकेलने गंज सैल होतो, पण ते उडून जाते आणि मागे राखण उरत नाही. खंडेनवमीला हत्यारांची पूजा जरूर करावी, पण ओले हळदकुंकू आणि फुले रात्रभर नळीवर राहू देऊ नयेत. हाताच्या घामात मीठ असते, तेव्हा हाताळल्यावर नळी पुसावी. तेलाचा हात पातळ असावा. जास्तीचे तेल ओघळून लाकडी दस्त्यात मुरते आणि लाकूड मऊ पडते. कपाटात सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि ती वेळोवेळी बदलावी. पोलीस ठाण्यात बंदूक जमा करण्याआधी आतून-बाहेरून तेलाचा हात द्यावा. परत आल्यावर आधी ती रिकामी असल्याचे पाहावे, आणि वापरण्यापूर्वी नळीतले तेल कोरड्या चिंधीने पुसून काढावे.

पावसाळ्यात महिन्यातून एकदा एवढे केले, तर वर्षाअखेरीस स्टील वूलची गरजच पडणार नाही.