एक पंचमांशाचा कोन

ज्या कोनाचा टॅन १/५ आहे, तो कोन रेडियनमध्ये ०.१९७३९५५५९८… भरतो. ज्याचा टॅन १/२३९, तो ०.००४१८४०७६०… पहिल्याची चौपट करून दुसरा वजा केला की उरते ०.७८५३९८१६३३…, म्हणजे पायचा चौथा भाग. जॉन मेचिनने १७०६ मध्ये याच नात्यातून पायचे १०० दशांश अंक काढले.

वाट मात्र केरळातून सुरू होते. संगमग्रामच्या माधवाच्या नावावर असलेली टॅन इन्व्हर्सची, म्हणजे टॅनवरून कोन काढण्याची, अनंत श्रेढी ज्येष्ठदेवाच्या ‘युक्तिभाषा’ या मल्याळम ग्रंथात सिद्धतेसह आहे. युरोपात ग्रेगरीला ती १६७१ मध्ये गवसली. या श्रेढीत थेट १, म्हणजे ४५ अंशांचा टॅन, घातला, तर ५०० पदांच्या बेरजेनंतरही पाय ३.१३९५… एवढाच येतो. ४५ ऐवजी ३० अंशांचा कोन घेतला, तर एकवीस पदांत ११ अंक हाती लागतात. माधवाचे ११ अंक याच युक्तीचे. संख्या लहान तितकी पदे लवकर आटतात, हे मेचिनने पुढे नेले. त्याच्या १/५ ची आणखी एक सोय होती: दर पदाला २५ ने भागायचे, म्हणजे चौपट करून दशांशचिन्ह दोन घरे सरकवायचे. कागदावर राबणाऱ्याला याची किंमत कळते.

असाच राबला विल्यम शँक्स. इंग्लंडमधल्या हॉटन-ल-स्प्रिंग गावी शाळा चालवणाऱ्या या माणसाने मेचिनच्याच सूत्राने १८७३ पर्यंत ७०७ अंक गाठले. त्याच्या आधीच्या ६०७ अंकांत ७ हा अंक फारच कमी वेळा येतो, हे ऑगस्टस डी मॉर्गनला खटकले होते. पण चूक उघडी पडली ती दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस. डी. एफ. फर्ग्युसनने १/४, १/२० आणि १/१९८५ यांचे कोन घेणाऱ्या वेगळ्या सूत्राने आकडेमोड केली आणि ५२८व्या अंकापासून शँक्सशी जुळेना. तोवर पॅरिसच्या विज्ञान संग्रहालयात घुमटाखाली ते ७०७ अंक लागलेही होते. १९४९ मध्ये ते दुरुस्त झाले. तरी ५२७ अचूक अंक एकट्याने, हाताने! हे श्रम थोर आहेत.

त्याच १९४९ मध्ये एनियाक या संगणकाने सुमारे ७० तासांत २,०३७ अंक काढले, मेचिनच्याच सूत्राने. १९६१ मध्ये आयबीएम ७०९० ने एक लाखाचा टप्पा ओलांडला.

पुढे रामानुजनांच्या वळणाच्या श्रेढी वेगवान ठरल्या आणि टॅन इन्व्हर्स मागे पडला. तरी २००२ मध्ये यासुमासा कानाडांच्या चमूने १.२४ लाख कोटी अंक काढले, ते जुन्याच घराण्याच्या दोन सूत्रांनी: एक १८९६ चे स्टॉर्मरचे, दुसरे १९८२ चे ताकानोचे. शँक्सला मिळाला नव्हता तो ताळा इथे होता, दोन वाटांनी एकच उत्तर. आणि दोन्ही सूत्रांत १/२३९ चा कोन आहे.