मोबाइल लिनक्स संगणकास जोडणे

पीकनुकसानीची छायाचित्रे मोबाइलमध्येच ठेवली आणि मोबाइल विहिरीत पडला, म्हणजे पुरावाही बुडाला. आमचा असा एकदा बुडाला आहे. सबब ती संगणकावर उतरवून घ्यावीत.

लिनक्स संगणकास यूएसबी केबलने मोबाइल जोडला असता प्रथम केवळ चार्जिंग होते. हा लिनक्सचा दोष नव्हे; सन २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून सुरक्षिततेस्तव मोबाइलमध्येच तशी योजना आहे. मोबाइलचे लॉक उघडून, पडद्यावरील यूएसबीच्या सूचनेत ‘फाइल ट्रान्सफर’ निवडावे. मग उबुंटूच्या ‘फाइल्स’मध्ये मोबाइलचे नाव दिसते, आत ‘डीसीआयएम’ फोल्डरात छायाचित्रे असतात. नाव न दिसल्यास केबल बदलून पाहावी; कित्येक स्वस्त केबलींत माहिती वाहणाऱ्या तारा मुळी नसतातच. कारकुनी रिवाजाप्रमाणे नक्कल मुळाशी ताडून पाहावी, मगच मूळ पुसावे.