सीमेवरचं उदगीर

1956 सालापर्यंत उदगीर हा बीदर जिल्ह्यातला तालुका होता. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला राज्य पुनर्रचना झाली, हैदराबाद राज्याची भाषावार वाटणी झाली आणि जुना बीदर जिल्हा तीन राज्यांत विभागला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात आले, भालकी, हुमनाबाद म्हैसूरकडे गेले, नारायणखेड आंध्रात. उदगीर आधी उस्मानाबाद जिल्ह्याला जोडलं गेलं आणि 16 ऑगस्ट 1982 रोजी लातूर जिल्हा झाला तेव्हा लातूरला. इथल्या जुन्या माणसांनी घर न सोडता तीन जिल्हे पाहिले.

नात्यांची अशी वाटणी होत नसते. सोयरिकी आजही भालकी-बीदरकडच्या होतात, आणि बाजारात मराठीसोबत कन्नड, उर्दू, तेलुगू सहज कानावर पडते. जिल्ह्याचं ठिकाण असलेलं लातूर साठेक किलोमीटरवर. बीदर त्याहून थोडं लांब.

गाव बालाघाटच्या पठारावर वसलंय. पठाराची कड जिथे दरीत उतरते, नेमकी तिथेच किल्ल्याची जागा निवडलेली. दरीच्या अंगाने निसर्गच राखणदार. गावाच्या बाजूला सपाटी, म्हणून तिकडे खोल खंदक आणि दुहेरी तटबंदी. आत वाड्यांचे अवशेष आहेत, फारसी शिलालेख आहेत आणि उदागीर महाराजांची समाधीही आहे. गावाचं नाव त्यांच्यावरूनच पडलं, असं गावकरी सांगतात. बहामनी सत्ता फुटल्यावर दख्खनच्या सुलतानांत या टापूसाठी ओढाताण चालली. 1636 मध्ये शहाजहानच्या फौजांनी उदगीर आणि औसा हे दोन्ही किल्ले घेतले. पुढे निजामाचा अंमल आला.

मराठी माणसाला उदगीर माहीत असतं ते 1760 च्या लढाईमुळे. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सदाशिवराव भाऊंनी या मुलखात निजामाच्या फौजेला घेरून मोडलं. इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना तेव्हा मराठ्यांकडे होता. तहात साठ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख मिळाला, शिवाय दौलताबाद, अशीरगड, विजापूर अशी मोलाची ठाणी. याच विजयानंतर भाऊंना उत्तरेच्या मोहिमेवर नेमलं गेलं आणि परतूरहून फौज निघाली. त्यामुळे इतिहासाच्या पुस्तकांत उदगीर बहुतेकदा पानिपतच्या आधीचं एक पान म्हणून येतं. हा या गावावर अन्याय आहे. दख्खनच्या राजकारणात निजामावर एवढी मात मराठ्यांनी क्वचितच केली असेल.

निजामी राजवटीचा शेवटही इथे सुखासुखी झाला नाही. जवळच्या देवर्जनचा हत्तीबेट डोंगर रझाकारांशी लढणाऱ्यांचा आसरा होता. 17 सप्टेंबर 1948 नंतरच हा भाग मोकळा झाला.

आजचं उदगीर तुरीवर चालतं. आसपासच्या शिवारातली तूर मोंढ्यात येते, डाळमिलांत भरडली जाते आणि पोत्यांतून दूरच्या बाजारांत जाते. विकाराबाद-परळी रेल्वेमार्ग गावाला एकीकडे बीदर-हैदराबादशी, दुसरीकडे लातूर रोडशी जोडतो.

एप्रिल 2022 मध्ये 95 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथल्या महाराष्ट्र उदयगिरी महाविद्यालयात भरलं, अध्यक्ष भारत सासणे. मराठीच्या या टोकाला ते भरलं, हे फार बरं झालं. उदगीर स्वतंत्र जिल्हा व्हावा, ही मागणी मात्र अजून मंत्रालयाच्या दारातच आहे.